दुर्बीण कोणाची : नळीची की बंदुकीची?

१/ १९१५ साल. फ्रान्समधील ब्रिटिश खंदकांत दुर्बीण बसवलेल्या रायफली पोहोचू लागल्या होत्या. समोरचे जर्मन नेमबाज रोज माणसे टिपत होते आणि त्यांना उत्तर देण्यासाठीच ही महागडी शस्त्रे पाठवली गेली होती. परंतु त्यांतून सुटलेल्या बहुतेक गोळ्या भलतीकडेच जात. दुर्बीण स्वच्छ होती, रायफलही चांगली होती. बिघडले होते ते या दोघींचे परस्परांशी असलेले नाते. नळी बदलता येणाऱ्या आजच्या रायफलींपर्यंत येऊन पोहोचलेला त्या नात्याचा हा इतिहास.

२/ आधी मूळ गोष्ट. दुर्बिणीतून जाणारी दृष्टिरेषा सरळ असते, तर गोळीचा मार्ग कमानदार. ठरावीक अंतरावर, समजा १०० मीटरवर, दुर्बिणीतील फुलीचा मध्य आणि गोळी लागण्याची जागा एकच यावी, अशा बेताने दुर्बिणीची चाके फिरवून जुळवणी करतात. या जुळवणीला नेमबाज ‘झीरो’ म्हणतात. झीरो एकट्या दुर्बिणीत नसतो आणि एकट्या नळीतही नसतो. तो त्या दोघींमधला एक कोन असतो.

३/ हा कोन किती नाजूक आहे, ते साध्या त्रैराशिकाने कळते. ६०० मिलिमीटर लांबीच्या नळीचे तोंड मूळ जागेपासून केवळ ०.१ मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १७ मिलिमीटर बाजूला जाते. ६०० मीटरवर तोच फरक १० सेंटिमीटर होतो. दुर्बिणीच्या पकडीत साचलेली धूळ किंवा एखादा सैल स्क्रू एवढी चूक घडवायला पुरेसा असतो.

४/ ब्रिटिश सैन्यात हे दुखणे ओळखणारा माणूस म्हणजे हेस्केथ-प्रिचर्ड. तो शिकारी, भटक्या, लेखक आणि हॅम्पशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू होता. आघाडीवर तो पलटणीपलटणींत हिंडून दुर्बिणीच्या रायफली तपासू लागला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य रायफलींचा झीरो हरवलेला आढळला. अनेक ठिकाणी ही शस्त्रे खंदकातील सामान म्हणून एका पलटणीकडून दुसरीकडे सोपवली जात. कोणी, कधी आणि कोणत्या अंतरावर जुळवणी केली, हे नव्या माणसाला ठाऊक नसे.

५/ त्यात रचनेचीही अडचण होती. ब्रिटिश रायफलीत वरून काडतुसांची पट्टी भरावी लागे. ती वाट मोकळी राहावी म्हणून बहुतेक दुर्बिणी नळीच्या वर न बसवता डाव्या बाजूला बसवल्या गेल्या. अरुंद छिद्रातून नेम धरताना दुर्बिणीला लक्ष्य दिसे, पण नळीच्या तोंडासमोर छिद्राची कड येई. किंवा याच्या उलट घडे. शिवाय दृष्टिरेषा आणि नळी आडव्या दिशेनेही वेगळ्या असल्याने जुळवणी अधिक किचकट होई.

६/ हेस्केथ-प्रिचर्डचा उपाय यंत्राहून शिस्तीवर अधिक भर देणारा होता. १९१६ मध्ये लिंगेम या फ्रेंच गावी फर्स्ट आर्मीची नेमबाजी, निरीक्षण आणि टेहळणी शिकवणारी शाळा उभी राहिली. दुर्बीण कशी जुळवावी, कशी जपावी आणि पुन्हापुन्हा गोळी झाडून तिची खात्री कशी करावी, हे तिथे शिकवले जाई. हा अनुभव त्याने १९२० साली ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ या पुस्तकात नोंदवला.

७/ दुसऱ्या महायुद्धात हा धडा लोखंडावरच कोरला गेला. अचूक ठरलेल्या ‘नंबर ४’ रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे पाठवल्या जात. तिथे रायफलीच्या मुख्य सांगाड्याच्या, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो त्या रिसीव्हरच्या, डाव्या अंगावर दोन बैठकी बसवत आणि त्यांवर ‘नंबर ३२’ ही तीनपट मोठे दाखवणारी दुर्बीण जुळवत. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या.

८/ या रायफलीची दुर्बीण अंगठ्याने फिरवायच्या दोन स्क्रूंनी काढता येई आणि प्रवासात ती स्वतंत्र डब्यात ठेवत. मग ती पुन्हा त्याच रायफलीवर चढेल याची हमी काय? त्यासाठी दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्याच्या मनगटावर ठोकला जाई आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पकडीवर. कागद हरवला तरी लोखंड आणि लाकूड साक्ष देत. १९१५ मध्ये तुटलेले नाते आता क्रमांकांनी बांधले गेले.

९/ पण नळीच बदलली तर? १९७० साली ब्रिटनने याच जुन्या रायफलींना ७.६२ मिलिमीटर काडतुसाची नवी, जड नळी बसवून ‘एल४२ए१’ घडवली. रिसीव्हर तोच, बैठकी त्याच. तरी दुर्बीण जशीच्या तशी चालली नाही. नव्या गोळीचा मार्ग वेगळा असल्याने अंतराच्या चाकावरील खुणा बदलाव्या लागल्या आणि यार्डांच्या जागी मीटर आले. नळी बदलणे म्हणजे एका अर्थी दुर्बिणीची भाषा बदलणे, हे इथे स्पष्ट झाले.

१०/ तिथे हे काम कारखान्यात, एकदाच झाले. मालकाने स्वतः हवी तेव्हा नळी बदलावी, ही कल्पना शिकारी आणि हौशी नेमबाजांच्या जगात रुजली. १९६७ साली अमेरिकेत थॉम्पसन/सेंटर कंपनीचे ‘कंटेंडर’ हे एकबारी पिस्तूल आले. पुढची मूठ काढून बिजागरीची एक खीळ सरकवली की नळी सुटे आणि दुसऱ्या कॅलिबरची नळी बसे. त्यातील महत्त्वाचा निर्णय असा की, माशी असो वा दुर्बीण, नेम धरण्याचे साधन नळीवरच बसवलेले होते. नळी निघाली की तिचा झीरोही तिच्यासोबत निघे.

११/ हाच विचार १९९३ साली जर्मनीतील ब्लाझर कंपनीच्या ‘आर९३’ रायफलीत अधिक प्रगल्भ झाला. तिचा बोल्ट थेट नळीच्या मागच्या टोकात अडकतो. म्हणजे स्फोटाचा ताण नळी आणि बोल्ट आपसातच पेलतात. रिसीव्हरवर तो भार येत नाही. दुर्बिणीची खोगीरासारखी बैठकही नळीवरच चढते. सकाळी लहान हरणासाठी एक नळी आणि संध्याकाळी रानडुकरासाठी दुसरी वापरणाऱ्या शिकाऱ्याला प्रत्येक नळीची स्वतंत्र दुर्बीण ठेवता आली.

१२/ या सोयीची किंमत मोठी. उत्तम दुर्बीण कित्येकदा रायफलीएवढीच महाग असते. तीन नळ्या म्हणजे तीन दुर्बिणी. एकच दुर्बीण आलटूनपालटून वापरायची ठरवली, तर प्रत्येक नळीसाठी वेगळी जुळवणी लागते, म्हणजे मूळ प्रश्न परत उभा राहतो.

१३/ सैन्याने नेमका उलटा मार्ग धरला. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१९ मध्ये निवडलेली बॅरेटची ‘एमके २२’ ही रायफल तीन कॅलिबरांच्या नळ्या घेते, पण दुर्बीण एकच आणि तीही रिसीव्हरवर घट्ट. इथे नळी बदलली की गोळी लागण्याची जागा सरकणारच, हे गृहीत धरलेले आहे. महत्त्व येते ते सरकण्याच्या सातत्याला. तीच नळी, त्याच जोराने स्क्रू आवळून पुन्हा बसवली, तर फरक दर वेळी जवळपास तेवढाच यायला हवा. म्हणून ठरावीक जोराचा पाना हा अशा रायफलीचा अविभाज्य भाग ठरतो.

१४/ तो फरक मग वहीत उतरतो. मूळ नळीच्या तुलनेत दुसरीची गोळी किती वर, किती डावीकडे. काडतूस कोणते, तपमान किती. दस्त्यावर ठोकलेल्या क्रमांकाची जागा या नोंदवहीने घेतली. फरक एवढाच की क्रमांक केवळ ‘ही दुर्बीण या रायफलीची’ असे सांगत असे, तर वही ‘ही दुर्बीण या नळीशी कशी वागते’ हेही सांगते.

१५/ दुर्बीण नळीवर असो वा रिसीव्हरवर, एक गोष्ट शंभर वर्षांत बदललेली नाही. नोंद गोळी कुठे लागायला हवी एवढेच सांगते. ती कुठे लागते, हे झाडल्यावरच कळते. म्हणून नळी बदलल्यानंतर कागदी लक्ष्यावर दोन-चार गोळ्या झाडून खात्री करण्याचा नियम आजही पाळला जातो. लिंगेमच्या शाळेत शिकवला जात होता, तोच हा नियम. १९१५ च्या खंदकांत तो पाळला गेला नव्हता आणि त्याची किंमत चुकलेल्या प्रत्येक गोळीने मोजली.