वऱ्हाडचा कापूस आणि उथळ पाण्याची लाट

यवतमाळ जिल्ह्याचे पाणी आणि यवतमाळ जिल्ह्याचा कापूस यांच्या वाटा परस्परांच्या अगदी विरुद्ध दिशांना जातात. जिल्ह्याची उत्तर आणि पूर्व सीमा वर्धेने आखली आहे, दक्षिण सीमा पैनगंगेने. मधल्या पठारावरून अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, निरगुडा अशा लहानमोठ्या नद्या या दोघींना येऊन मिळतात, आणि वणी तालुक्याच्या टोकाला या दोघी एकमेकींना भेटल्यावर पुढे वैनगंगेच्या संगमाने त्यांची प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे वणीच्या काळ्या रानात पडलेला पावसाचा थेंब पूर्व किनाऱ्याला पोहोचतो. त्याच रानात वेचलेला कापूस मात्र सह्याद्री ओलांडून मुंबईच्या गोदीत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही कर्तबगार माणसांनी या दोन वाटा एक करण्याचा, अर्थात पाणी जाते तिकडेच कापूसही नेण्याचा, बेत रचला होता. तो बेत का फसला याची चर्चा बहुधा पैशाच्या आणि रेल्वेच्या भाषेत होते. मला त्याचे उत्तर नावेच्या तळाखालच्या पाण्यात, त्या पाण्याच्या खोलीत आणि चालत्या नावेमागे उठणाऱ्या लाटेत दिसते.

या बेताची राजकीय पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १८५३ च्या मे महिन्यात निजामाने तहनाम्यान्वये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या अंमलाखाली दिला. पुढे १८६० च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे काही परगणेही ईस्ट इंडिया कंपनीच्या वारसदार सरकारकडे आले आणि त्या नदीवरील व्यापार जकातीतून मुक्त झाला. नदीवरची जकात उठविण्याचे कलम एखाद्या तहनाम्यात घालावे लागते, यावरूनच त्या नदीकडून काय अपेक्षा बाळगली जात होती हे कळून येते. वणीचा मुलूख प्रथम आग्नेय वऱ्हाड म्हणून आणि नंतर वणी जिल्हा म्हणून दप्तरात नोंदला गेला, कचेरी यवतमाळास असूनही जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणीच राहिले.

तोवर वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बाहेर जात असे. बैलांच्या पाठीवर गोणी लादून, रानावनातून मुक्काम करीत, हे तांडे गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात आणि परतताना मीठ किंवा धान्य आणीत. दिग्रस, पुसद, दारव्हा या भागांत आज जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके या मुलखाची वाहतूक आपल्या पायांवर पेलली होती, आणि त्यांच्या या श्रमाची नोंद इतिहासाने यथोचित घेतलेली नाही, असे मला मनापासून वाटते. वाटेत पाऊस, धूळ, चोरी यांनी कापसाची प्रत उतरे आणि बाजार गाठेपर्यंत कित्येक महिने जात. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि हिंगणघाट, अमरावती या नावांना इंग्लंडच्या बाजारात एकाएकी वजन आले, तेव्हा ही संथ वाहतूक सर्वांनाच खुपू लागली.

नदीमार्गाची कल्पना त्याआधीचीच. धवळेश्वरम येथे गोदावरीवर १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधून त्या त्रिभुज प्रदेशाचे भाग्य पालटणारे आर्थर कॉटन हे जलवाहतुकीचे कट्टर पुरस्कर्ते होते. लोहमार्गावर खर्च होणारा पैसा कालव्यांवर आणि नद्यांवर खर्च व्हावा, हा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. त्यांच्या हाताखालील अधिकारी एफ. टी. हेग यांनी गोदावरीची आणि तिच्या वरच्या अंगाची मोजणी करून १८५६ मध्ये अहवाल सादर केला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनीही १८६३ मध्ये या नद्यांच्या नौवहनाविषयी स्वतंत्र अहवाल लिहिला. या मार्गात तीन मोठे अडसर होते: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथे, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. या तिन्ही ठिकाणी नदी खडकांच्या पायऱ्यांवरून कोसळते, म्हणून बंधारे, बगलेने कालवे आणि दरवाजांच्या कुंड्या बांधून आगबोटी वर चढवाव्यात अशी तजवीज होती. पैनगंगेवर तर उमरखेडच्या अंगाला सहस्रकुंडाचा धबधबाच आहे. तिकडे कोणी आगबोटीचा विचारही केला नाही.

अडसरांचा विचार पुष्कळ झाला. पण अडसरांमधल्या लांबच लांब, वाळूच्या, उथळ पाण्याचा विचार अधिक कठीण होता, आणि येथेच नावेच्या यंत्राचा प्रश्न उभा राहतो. समुद्रावर तोवर मळसूत्री पंख्याने वल्ह्यांच्या चाकांना मागे सारले होते. स्मिथ आणि एरिक्सन यांनी १८३६ मध्ये आपापले पंखे नोंदविले, आणि १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या दोन आगबोटी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या व एकमेकींविरुद्ध ओढायला लावल्या, तेव्हा रॅटलरने अलेक्टोला फरफटत नेले. परंतु पंखा पाण्यात पूर्ण बुडालेला असेल तरच आपले सामर्थ्य दाखवितो. गुडघाभर पाण्यात तो एक तर हवा ढवळतो, नाही तर वाळू उपसतो. म्हणून जगभर उथळ नद्यांवर चाकेच टिकली, बाजूची किंवा मागच्या टोकाची.

या दोन यंत्रांच्या स्वभावात आणखी एक भेद आहे. पंखा पाणी मागे ढकलतो आणि ढकलता ढकलता पिळतोही. मागून पाहता उजवीकडे फिरणारा पंखा असेल, तर त्याची प्रतिक्रिया म्हणून नावेचे अंग किंचित डावीकडे कलते, आणि तिच्या मागे उठणाऱ्या दोन लाटांपैकी डावीकडची अधिक उंच, अधिक भरदार निघते. पंख्याची दिशा बदलली की लाटेची बाजूही बदलते. चाकाच्या बोटीत असा पीळ नसतो, पण कलण्याची शिक्षा तिला दुसऱ्या रीतीने मिळते. बाजूची दोन चाके सारखी बुडाली पाहिजेत. माल एका अंगाला सरकला की एक चाक खोल जाते, दुसरे वर उचलले जाते, आणि बोट सरळ जाण्याऐवजी एका बाजूला ओढू लागते. इंग्लंडातल्या चाकांच्या ओढबोटींवर खलाशी यासाठी साखळ्यांनी भरलेली जड पेटी डेकवर या अंगाहून त्या अंगाला ढकलीत आणि बोटीचा तोल राखीत. कोकणच्या गलबतांत जे नीरम तळाशी दगडवाळूच्या रूपाने भरले जाते, त्याचेच हे चालते-फिरते रूप होय.

कापसाच्या बाबतीत तर या भाराचा प्रश्न विशेष बिकट होता. सुटा कापूस हा जागा फार खातो आणि वजन थोडे देतो. बोटीत तो काठोकाठ भरला तरी तिचा तळ पुरेसा बसत नाही, आणि उंच रचलेल्या गाठींवर वारा बसला की बोट डोलते. याउलट समुद्राकडून चढत्या वाटेने आणावयाचे मीठ हे जड, तळाशी बसणारे, तोल राखणारे. हा व्यापार जमला असता तर जाताना कापूस आणि येताना मीठ अशी जोडी झाली असती. पण ज्या फेरीत बोटीला प्रवाहाविरुद्ध, चढावर, सर्वांत कमी बुडून चालावयास हवे होते, नेमक्या त्याच फेरीत ती सर्वांत जड असणार होती.

लहान नावाड्याला हे सारे हातांनी ठाऊक असते. वर्धेच्या उतारघाटांवर, जेथे पूल होण्यापूर्वी सरकार दरसाल लिलावाने नावेचा मक्ता देई, तेथे ढिवर नावाडी माणसे चढण्याआधी गोणी मध्यभागी ठेववून घेई, म्हातारीला तळाशी बसवी, आणि एखादा धट्टाकट्टा गडी काठावर टेकला तर त्याला दटावून आत सरकवी. मग बांबूने नाव काठाकाठाने बरीच वर नेऊन, प्रवाहात तिरकी सोडून, पलीकडच्या घाटाला बरोबर लावी. बैलगाडी न्यावयाची असली तर दोन डोंगे शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकीत. अशी नाव मागे लाट म्हणण्याजोगे काही उठवीतच नाही, कारण ती पाण्याशी घाई करीत नाही.

घाई केली की पाणी हिशेब मागते. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला खोलीची मर्यादा असते: तीन फूट पाण्यात ती ताशी सुमारे ११ किलोमीटर, दहा फूट पाण्यात सुमारे २०. नाव या वेगाजवळ पोहोचली की ती स्वतः उठविलेल्या लाटेवर चढू पाहते, यंत्राचे सारे बळ ती लाट वाढविण्यात जाते, आणि वेग वाढत नाही. शिवाय तळाखालच्या चिंचोळ्या फटीतून पाणी वेगाने मागे धावते, तेथील पातळी खचते, आणि नावेचे बूड आणखी खाली बसते. उभी असताना जी बोट वाळूला शिवत नव्हती, ती चालू लागताच वाळूत रुतते. आणि मागे सुटलेली लाट काठावर आदळते. गाळाच्या मातीचा काठ असेल तर रोज चार बोटी गेल्या तरी तो ढासळू लागतो, आणि ढासळलेला काठ नदीच्या पात्रात पसरून तेच पात्र अधिक उथळ करतो.

हे शास्त्र त्या काळी आकार घेत होते. स्कॉटलंडात एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात १८३४ च्या ऑगस्टमध्ये घोड्यांनी ओढलेली एक नाव एकाएकी थांबली, तेव्हा तिच्या नाळेपाशी साठलेल्या पाण्याचा सुमारे तीस फूट लांब, फूट-दीड फूट उंच, गुळगुळीत उंचवटा नावेला मागे टाकून एकटाच पुढे निघाला, आणि जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे दौडत गेले. नावेने पाण्याला दिलेले श्रम नावेला सोडून चालते होतात, हे इतक्या स्पष्टपणे आधी कोणी पाहिले नव्हते. विल्यम फ्रूड यांची जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून प्रतिकार मोजण्याची टाकी टॉर्की येथे १८७२ मध्ये सुरू झाली, आणि खोल पाण्यात नाव लहान असो वा मोठी, मंद असो वा वेगवान, तिच्या मागची लाटांची पाचर सुमारे ३९ अंशांचीच असते, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले.

तोवर वर्धेच्या मार्गाचा निकाल लागून गेला होता. ठाण्याची गाडी १८५३ मध्ये सुटली, आणि १८६७ मध्ये लोहमार्ग पुलगावजवळ वर्धा ओलांडून नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुली झाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७१ मध्ये, लाखो रुपये खर्च झाल्यानंतर, वरच्या गोदावरीचे काम तहकूब नव्हे तर कायमचे बंद करण्याचा हुकूम सुटला. रेल्वेने नदीला हरविले असे म्हणण्याची रीत आहे. माझ्या मते नदीला तिच्या ऋतूने हरविले. पात्र भरलेले असते आषाढापासून, फार तर कार्तिकापर्यंत; आणि कापसाची वेचणी सुरू होते ती दिवाळीच्या सुमारास, चालते माघापर्यंत. बोंड फुटते तेव्हा पाणी उतरत असते. रयतेने माल घाटावर आणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाकून ठेवावा आणि मग भर पुरात, खडकांतून, ओलाव्यात तो पाठवावा, असे या मार्गाचे म्हणणे होते. कोणता सावकार त्यावर रक्कम लावील? तिन्ही अडसर फोडले असते तरी ही विसंगती फुटली नसती. यवतमाळच्या पठारावरचा कापूस अखेर मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून, लोक जिला ‘शकुंतला’ म्हणतात त्या गाडीने, पश्चिमेकडेच गेला.

उथळ नदीवरच्या बोटीला जी लाट टाळावी लागते, तीच आज काही जण मुद्दाम पैसे खर्चून निर्माण करतात. अमेरिकेच्या सरोवरांवर वॉटर-स्कीइंगचा खेळ खेळणारा खेळाडू ताशी ५५-५८ किलोमीटर वेगाने ओढला जातो आणि त्याला मागची लाट शक्य तितकी सपाट हवी असते, म्हणून ती बोट हलकी आणि सपाट बुडाची. उलट लाटेवर फळी घेऊन तरंगणाऱ्याला ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगात उंच, टिकाऊ लाट हवी असते, म्हणून बोटीच्या टाक्यांत एक हजार किलोच्या वरही पाणी भरून ती मागे आणि एका कुशीवर मुद्दाम दाबतात, आणि ती कूस निवडताना पंखा कोणत्या दिशेने फिरतो हे आधी पाहतात. नीरम आणि पीळ, दोन्ही एकाच बाजूला कामाला लावले की लाट उभी राहते. काठ ढासळण्याची तक्रार मात्र जुनीच आहे: व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये अशा बोटींना काठापासून किमान ५०० फूट दूर आणि किमान २० फूट खोल पाण्यातच हा खेळ खेळण्याचे बंधन घातले.

वीस फूट पाणी वर्धेला पुरात मिळते, वैशाखात नाही. तरीही २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत पैनगंगा–वर्धा ही जोडी दाखल झाली असून तिला ७८ वा क्रमांक मिळाला आहे. आता वणीच्या बाजूला कापसाइतकाच कोळसाही आहे, आणि कोळशाला ऋतू नसतो. ही या वेळची खरी अनुकूलता. परंतु दरम्यानच्या काळात पैनगंगेवर इसापूर, वर्धेवर वरचे आणि खालचे धरण, बेंबळेवर आणखी एक, अशी धरणे होऊन पावसाचे पाणी वरच अडू लागले आहे आणि ते रयतेच्या शेतीसाठी आहे, ते तिच्याच शेतीला मिळाले पाहिजे. ज्या कोणा अधिकाऱ्याकडे या ७८ व्या मार्गाचे काम येईल, त्याने पहिली मोजणी फाल्गुनानंतर करावी, पात्राच्या मध्यभागी न करता वळणांवरच्या वाळूत करावी, आणि भरलेल्या बोटीचा तळ उभ्याने न मोजता चालत्या स्थितीत मोजावा.