टिळक, पण कोणते?

परवा शेजारचा शाळकरी मुलगा वही घेऊन आला. "आजोबा, टिळकांच्या कवितेवर दहा ओळी सांगा." आमच्या नारायण पेठेत टिळक म्हटल्यावर 'कोणते?' असं विचारायची पद्धत नाही. मी शेंगांची टरफलं, 'केसरी', मंडाले असं झरझर सांगत सुटलो आणि कवितेपाशी येऊन अडलो. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, ते 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंचे यजमान!"

म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, यांचा १८६१ चा. दोघेही चित्पावन, दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि वारले दोघेही मुंबईत, सव्वा वर्षाच्या अंतरानं. पत्रिका जुळावी इतकं साम्य. फरक काय तो चहाचा.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही बडी मंडळी व्याख्यानाला गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्यही होते. व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्याले, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, सगळ्यांची नावं छापून आणली. झालं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि वेदांचा काळ शोधणाऱ्या पंडिताला एका कपापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. (इतका महाग चहा पुण्यात पुन्हा झाला नसेल.)

आणि १८९५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या टिळकांनी मुंबईत चक्क बाप्तिस्माच घेतला! पण पाद्री होऊनही माणूस लिहिणार अभंग, करणार कीर्तन. १९१७ साली तर मिशनची नोकरी सोडून संन्यासीच झाले. आता याला कुठल्या पंगतीत बसवायचं?

सरदारकी या आडनावात दिसत नाही. ती होती वाड्याच्या नावात. लोकमान्यांनी १९०५ साली घेतला तो गायकवाड वाडा, आजचा केसरी वाडा.

त्याच वाड्यात तिसरे टिळक राहत होते, लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत. त्यांनी ८ एप्रिल १९२८ ला वाड्यातच समाज समता संघाची शाखा काढली. डॉ. आंबेडकर आले, सहभोजन झालं. अडतीस वर्षांपूर्वी बापाला ज्या पेठांनी एका कपासाठी जाब विचारला, तिथंच मुलानं पूर्वास्पृश्यांबरोबर पान मांडलं. वाड्यातल्या भांडणांनी, कोर्टकज्ज्यांनी तो आधीच पिचलेला होता. २५ मे ला भांबुर्डा स्टेशनाजवळ त्यानं स्वतःला आगगाडीखाली झोकून दिलं. जाण्याआधी लिहिलेल्या पत्रांतलं एक डॉ. आंबेडकरांना होतं. या वाड्यावरून मी वर्षानुवर्षं भाजीची पिशवी घेऊन जातोय. हे टिळक मला साठी उलटल्यावर कळले.

मुलगा मघापासून पेन्सिल चावत ऐकत होता. मी म्हटलं, "लिहिलंस का रे?"

"नाही. हे शेवटचे टिळक पुस्तकात नाहीत."