गुढीवरील कलश : उलटा की सुलटा
चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढीच्या टोकावर तांब्या कसा ठेवावा, याविषयी मराठी घरांत होणारा मतभेद. वेळूच्या काठीला रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, फुलांचा हार आणि साखरेची गाठी बांधून वर चांदीचा, तांब्याचा किंवा पितळेचा कलश पालथा घालण्याची रीत बहुतेक घरांत रूढ आहे. पूजेतला कलश तोंड वर करून मांडतात, म्हणून गुढीवरचाही सुलटाच हवा, असा आग्रह अलीकडे काही जण धरतात. तो पटण्यासारखा नाही. पूजेच्या कलशात पाणी असते. गुढीवरचा रिकामा असतो. शिवाय पालथ्या तांब्याच्या तोंडात काठीचे टोक आणि वस्त्राच्या निऱ्या घट्ट बसतात. सुलटा कलश निराळा बांधावा लागतो, आणि काठी तिरकी असली की तो वाऱ्याने निसटतो.

फ्लॅटमध्ये गुढी दाराऐवजी बाल्कनीच्या कठड्याला बांधतात, त्यामुळे गुढी ‘घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला’ असावी हा नियम कसा पाळायचा, हाही वाद निघतो. सूर्यास्ताच्या सुमारास गुढी उतरवतात.