वेडीवांकडी गोधडी : तुकड्यांच्या शिवणकामाचा थोडासा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, घंटेचा आशीर्वाद, धर्मगुरूंची नामावली व देणगीदारांची यादी हीं प्रकरणें असावयाचींच, आणि तीं योग्यही आहेत. परंतु ज्या हातांनीं वेदीवरचें वस्त्र शिवलें, धर्मगुरूंचा झगा रफू केला आणि थंडीच्या दिवसांत गरिबाघरच्या लेंकराला पांघरूण दिलें, त्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. यंदाच्या महोत्सवी वर्षीं आमच्या धर्मग्रामांतील भगिनींनीं आपसांत एक प्रेमळ चढाओढ लावली आहे. प्रत्येकीनें घरांतील जुन्या कापडांचे तुकडे घेऊन १२ इंची एक चौकोन हातानें शिवावयाचा, त्यावर स्वतःच्या कल्पनेनें भरतकाम करावयाचें, आणि शेवटीं सर्व चौकोन जोडून एकच मोठा पट तयार करावयाचा. इंग्रजींत या प्रकाराला ‘क्रेझी क्विल्ट’ म्हणतात. आमच्या भगिनींनीं त्याचें ‘वेडीवांकडी गोधडी’ असें बारसें केलें आहे.

या उपक्रमासंबंधीं दोन आक्षेप आमच्या कानांवर आले. पहिला असा, कीं चिंध्यांची गोधडी देवाच्या घरांत शोभेल काय? दुसरा असा, कीं दिवंगत आईच्या लग्नांतील साडीला कात्री लावणें हा तिचा अनादर नव्हे काय? दोन्ही आक्षेप सद्भावनेचे आहेत. म्हणून त्यांचें उत्तर अधिकारानें न देतां इतिहासाच्या आधारें द्यावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही कृति काय आहे तें पाहूं. मांजरपाटाचा एक चौकोन कापून घ्यावयाचा. तो या कामाचा पाया होय. त्यावर पहिला तुकडा ठेवून टाचावयाचा. दुसरा तुकडा त्याच्यावर उलटा ठेवून एका कडेनें शिवावयाचा व मग परतून सुलटा करावयाचा. असें करीत करीत सारा चौकोन भरून काढावयाचा. तुकडे तिकोनी असोत कीं निमुळते असोत, जसे मिळतील तसे घ्यावयाचे. ठराविक नमुना असा नाहीं. त्यानंतर प्रत्येक सांधा रंगीत धाग्यानें झांकावयाचा : कोठें पिसासारखा फेदर टांका, कोठें मासळीच्या कांट्यासारखा हेरिंगबोन, कोठें साखळी, कोठें काजाचा टांका. मोकळ्या जागीं फूल, पांखरूं, पंखा, कोळ्याचें जाळें किंवा नांवाचीं आद्याक्षरें भरावयाचीं. आपल्या गोधडींत धांवदोरा सर्व थरांना एकत्र धरून ठेवतो. या वेड्या गोधडींत मात्र सहसा मध्यें कापूस नसतो. मागें अस्तर लावून मधूनमधून गांठी मारल्या कीं काम झालें. थंडी निवारण्यापेक्षां बैठकीच्या खोलींत कोचावर पसरण्यासाठींच ती मूळ जन्मास आली.

तिच्या जन्माची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १०० वर्षें पूर्ण झाल्यानिमित्त फिलाडेल्फिया शहरांत १० मे १८७६ पासून १० नोव्हेंबरपर्यंत एक जागतिक प्रदर्शन भरलें होतें. सुमारें १ कोटि लोकांनीं तें पाहिलें. परदेशीयांसाठीं जपानचीं दारें १८५४ सालच्या तहानें उघडूं लागलीं होतीं. त्या देशाच्या दालनांतील भांडीं, पडदे व भरतकाम पाहून अमेरिकन स्त्रिया चकित झाल्या. पाश्चात्य कलेंत उजवी बाजू डावीसारखी असावयाची. येथें मात्र सारें तोल साधून विषम होतें. कित्येक अभ्यासकांच्या मतें ‘क्रेझी’ हा शब्दही येथूनच आला असावा. कारण त्याच्या मूळ धातूचा एक अर्थ तडे जाणें असा आहे, आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईवर बारीक तड्यांचें जें जाळें दिसतें, तशीच ही गोधडी दिसते.

त्याच प्रदर्शनांत लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क या संस्थेचें भरतकाम मांडलें होतें. ही संस्था १८७२ सालीं लेडी व्हिक्टोरिया वेल्बी यांनीं स्थापन केली. लोपत चाललेली भरतकामाची कला पुन्हा जिवंत करणें, आणि हलाखींत सांपडलेल्या कुलीन स्त्रियांना अब्रूनें पोट भरण्याचें साधन देणें, असे तिचे दोन हेतु होते. तें काम पाहून न्यूयॉर्कच्या कॅन्डेस व्हीलर यांनीं १८७७ सालीं आपल्या शहरांत त्याच धर्तीची एक मंडळी काढली. १८८० नंतर तर घरोघर या गोधडीचें वेड पसरलें. मासिकांतून टांक्यांचे नमुने छापून येऊं लागले, रेशमाच्या तुकड्यांचीं पुडकीं टपालानें मिळूं लागलीं, आणि सिगारच्या जुडग्यांना बांधलेल्या रेशमी फितीसुद्धां स्त्रिया जपून ठेवूं लागल्या. पुढें दहा वर्षांच्या आंतच त्याच मासिकांपैकीं कांहीं या छंदाची थट्टा करूं लागलीं. फॅशनची रीतच अशी आहे. तिचा शोक करण्याचें कारण नाहीं. शहरांत छंद ओसरला, तरी खेड्यापाड्यांतील स्त्रिया लोंकरीचे व सुती तुकडे घेऊन त्याच रीतीनें उबेचीं पांघरुणें पुढें कित्येक वर्षें शिवीत राहिल्या.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कच्च्या रेशमावरील डिंकासारखा अंश धुऊन काढला म्हणजे त्याचें वजन जवळजवळ पावपट घटतें. रेशीम वजनावर विकलें जाई. म्हणून त्या काळच्या कारखान्यांत कथलाचे व इतर धातूंचे क्षार पाजून वजन भरून काढीत. असलें कापड हाताला भारदस्त लागे व चालतांना सळसळे. परंतु त्याच क्षारांनीं धागा आंतून खाल्ला. आज पदार्थसंग्रहालयांतील त्या काळच्या गोधड्या पाहिल्या तर कित्येक ठिकाणीं श्रीमंती रेशमाच्या चिरफळ्या झालेल्या दिसतात, आणि शेजारचा साधा सुती तुकडा मात्र शाबूत असतो. वाचकांनीं यांतून काय बोध घ्यावा तें आम्हीं सांगावयास नको.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. देवळाच्या कामीं सुई लावणें हें आपल्या ख्रिस्तसभेंत कांहीं नवें नव्हे. तेराव्या व चौदाव्या शतकांत इंग्लंडांतील सोनेरी कलाबतूचें व रेशमाचें भरतकाम सर्व युरोपांत नांवाजलेलें होतें. १२९५ सालच्या पोपमहाराजांच्या भांडाराच्या यादींत अशीं शंभरांहून अधिक वस्त्रें नोंदलेलीं आहेत. तें करणाऱ्या बहुतेक हातांचीं नांवें लुप्त झालीं; पण बरी सेंट एडमंड्स गांवची मेबल नांवाची एक स्त्री राजा तिसरा हेन्री याच्या हिशेबाच्या कागदांतून आपणांस भेटते. तिनें राजासाठीं धार्मिक वस्त्रें भरलीं होतीं, आणि १२५६ सालीं राजा त्या गांवीं गेला असतां त्यानें तिची सेवा स्मरून तिला वस्त्र व सशाच्या कातड्याचें अस्तर असलेला झगा देवविला. पुढें धर्मक्रांतीच्या काळांत इंग्लंडांतील पुष्कळ पवित्र वस्त्रें नाश पावलीं. कांहीं मात्र कॅथलिक घराण्यांनीं संभाळलीं. बटलर-बोडन या घराण्याकडे राहिलेला चौदाव्या शतकांतील एक कोप तर मध्यंतरीं कापून त्याचीं निरनिराळीं उपासनावस्त्रें केलीं होतीं. नंतर ते सारे तुकडे पुन्हा जोडण्यांत आले, आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. ज्या वस्त्रावर संतांच्या आकृति भरलेल्या, तेंही तुकडे होऊन पुन्हा एक झालें. मग तुकड्यांची लाज कशाची?

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणून आम्ही हॅरिएट पॉवर्स या स्त्रीचें चरित्र पुढें ठेवितों. तिचें काम नेमकें ‘वेड्या गोधडी’चें नव्हे, तर कापडावर कापडाच्या आकृति शिवण्याचें, परंतु तें या विषयाच्या अगदीं शेजारचें आहे. ती १८३७ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतांत गुलामगिरींत जन्मली. गुलामगिरी नष्ट झाल्यावर नवऱ्याबरोबर तिनें शेतीवर संसार केला. तिनें ११ चौकटींची एक गोधडी शिवली. तींत एदेनबाग, काइनानें केलेली आबेलची हत्या, याकोबाचें स्वप्न, प्रभूचा बाप्तिस्मा, शेवटलें भोजन, क्रूसावरील मरण आणि पवित्र कुटुंब हे प्रसंग आहेत. १८८६ सालीं अथेन्स गांवच्या कापूस-प्रदर्शनांत तें काम जेनी स्मिथ नांवाच्या चित्रकला-शिक्षिकेनें पाहिलें व विकत मागितलें. हॅरिएटनें नकार दिला. पुढें चार-पांच वर्षांनीं घरांत ओढाताण झाली तेव्हां तिनें स्वतःच १० डॉलर मागितले. स्मिथबाईंजवळ पांचच होते. आणि पांचांवर तिनें ती देऊन टाकली. देण्यापूर्वीं तिनें एकेका चौकटीचा अर्थ सांगितला व स्मिथबाईंनीं तो लिहून घेतला. नंतर ती पुन्हा पुन्हा त्यांच्या घरीं जाई ती केवळ आपली गोधडी डोळे भरून पाहण्यासाठीं. ती १९१० सालीं वारली. तिची ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत असून दुसरी एक १५ चौकटींची बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. घरांतल्या तुकड्यांना कात्री लावली म्हणून त्यांचा अनादर झाला असें कोण म्हणेल? कपाटांत कसर लागून गेलेल्या कापडाची आठवण कोणाला राहते?

आपल्या शेजारींही असें उदाहरण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज अमदानींत ज्या आफ्रिकन लोकांना गुलाम करून गोव्यास आणलें, त्यांपैकीं सुटून रानांत गेलेल्यांचे हे बहुतांशीं वंशज. त्यांत हिंदू, मुसलमान व कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ शिवतात. काम कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत मध्याकडे येतें, आणि चारी कोपऱ्यांत घडी घातलेले छोटे तुकडे लावतात. त्यांना ‘फुलें’ म्हणतात. फुलें नसलेली कवंदी त्यांच्या मतें उघडी, अपुरी. कॅथलिक स्त्रियांच्या कवंदींवर क्रूसही शिवलेला आढळतो. हेन्री ड्रेवल या अमेरिकन कला-इतिहासकारानें या कामाचा अभ्यास करून तें जगापुढें आणलें. आपल्या आजीची वाकळ व ही कवंदी सख्ख्या बहिणी शोभतील. दोहोंत फाटक्यांतून ऊब निर्माण होते, आणि पांघरणारा आपल्या माणसांच्या कपड्यांत गुरफटून झोंपतो.

कोणी विद्वान म्हणेल, कीं प्रभूचा अंगरखा तर बिनशिवणीचा होता, आणि कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनीं त्या अखंड वस्त्रांत ख्रिस्तसभेच्या ऐक्याची खूण पाहिली. मग तुकड्यांच्या पटांत ऐक्य कोठून दिसणार? याचें उत्तर संत ऑगस्टिन यांनीं देऊन ठेविलें आहे. स्तोत्रांतील राणीच्या रंगीबेरंगी वस्त्राचें विवरण करतांना ते म्हणतात, कीं तिच्या वस्त्रांतील विविधता म्हणजे अनेक भाषा, आणि तें वस्त्र एक आहे म्हणजे श्रद्धा एक आहे. त्यांत रंग अनेक असावेत, पण फाटाफूट नसावी. आमच्या धर्मग्रामाचें याहून नेमकें वर्णन आम्हांस करतां येणार नाहीं. कोणी शेतकऱ्याच्या घरची, कोणी गिरणीकामगाराच्या, कोणी चाळींतली, कोणी बंगल्यांतली, कोणाच्या घरीं मराठी तर कोणाच्या घरीं कोंकणी. पाया एक, दोरा एक, तुकडे निराळे.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील तबिथेची कथा आहे. ती मरण पावली तेव्हां विधवा स्त्रिया रडत रडत संत पेत्राभोंवतीं उभ्या राहिल्या. तिच्या पुण्याईचा पुरावा म्हणून त्यांनीं दाखविले ते तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें. शिवणाऱ्या स्त्रीचें प्रशस्तिपत्र तिच्या शिवणींतच असतें, एवढी गोष्ट पवित्र शास्त्रालाही सांगण्याजोगी वाटली.

म्हणून आमच्या भगिनींना आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आईची किंवा आजीची साडी सबंध कापूं नये. पदराचा वा काठाचा वीतभर तुकडा पुरे, बाकीची जपून ठेवावी. दुसरी, या चढाओढींत पहिला-दुसरा क्रमांक नसावा. जिचा हात बसलेला आहे तिनें नवशिकीला शेजारीं घेऊन टांका शिकवावा, हीच जिंकण्याची रीत. तिसरी व महत्त्वाची, प्रत्येकीनें आपल्या चौकोनाच्या कोपऱ्यांत आपलें नांव व साल दोऱ्यानें भरावें, आणि तुकडा ज्या माणसाचा, त्याचें नांव मागील अस्तरावर लिहावें. मेबलचें नांव राजाच्या हिशेबामुळें राहिलें, हॅरिएटचा अर्थ एका शिक्षिकेच्या कागदामुळें राहिला. आपल्या धर्मग्रामाच्या माउल्यांचीं नांवें अशा योगायोगावर सोडूं नयेत.

हा पट पूर्ण झाल्यावर उपकारस्तुतीच्या मिस्साच्या दिवशीं तो वेदीसमोरील भिंतीवर लावण्यास आम्हीं आनंदानें अनुमति दिली आहे. पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून बारा टोपल्या भरून घेण्यास ज्यानें शिष्यांना सांगितलें, तो प्रभु आमच्या भगिनींच्या हातच्या या तुकड्यांचाही स्वीकार करो, आणि नाझरेथच्या घरीं कुटुंबाचें शिवणटिपण संभाळणारी पवित्र मरिया त्यांच्या सुईला यश देवो.