खिशातली ओळख : सिमकार्डाची कुळकथा

सिमकार्ड उलटं केलं की पाठीवर बारीक आकड्यांची एक ओळ दिसते. भारतातल्या कार्डांवर ती साधारणपणे ८९९१ या अंकांनी सुरू होते. ८९ म्हणजे दूरसंचाराचं कार्ड, ९१ म्हणजे भारत. पुढे कंपनीची खूण आणि त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक. ही झाली प्लास्टिकची ओळख. कार्ड घेणाऱ्याची ओळख आतल्या चिपमध्ये असते, पंधरा अंकांची. सोलापुरात घेतलेलं कार्ड आयडियाचं असेल तर ती ४०४२२ने सुरू होई, एअरटेलचं असेल तर ४०४९०ने, बीएसएनएलचं असेल तर ४०४६६ने. ४०४ हा भारताचा संकेत. त्यापुढचे दोन अंक कंपनीही सांगतात आणि सर्कल, म्हणजे परवान्याचा विभागही : महाराष्ट्र आणि गोवा.

आपण चारचौघांना देतो तो दहा अंकी नंबर या ओळखीत कुठेच नसतो. कंपनीच्या संगणकात पंधरा अंकी क्रमांकासमोर तो लिहून ठेवलेला असतो. हाक मारायचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांच्यात असतं, तसं या दोन क्रमांकांचं नातं आहे. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर पोर्ट करता येऊ लागला तो याच व्यवस्थेमुळे. नंबर तोच राहतो, पण कंपनी बदलली की कार्ड नवं घ्यावं लागतं. रिचार्जचे पैसेही कार्डात नसतात. तो हिशेबसुद्धा कंपनीकडेच राहतो.

मग कार्डात असतं तरी काय? ते समजायला आधीचा फोन आठवावा लागेल. सोलापूरच्या ०२१७च्या पुढचा नंबर घराचा असायचा, दुकानाचा असायचा, कारखान्याच्या ऑफिसचा असायचा. माणूस बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी गेला की नंबर मागेच राही. मोबाईल आला तेव्हा नंबर भिंतीवरून सुटला, पण सुरुवातीच्या अनेक जाळ्यांत तो फोनच्या यंत्राला बांधला गेला. अमेरिकेतल्या अॅनालॉग मोबाईलचे ओळखक्रमांक हवेतून उघडेच जात. चोर ते पकडून दुसऱ्या यंत्रात भरत आणि बिल मूळ मालकाच्या घरी येई.

युरोपातल्या दूरसंचार खात्यांनी १९८२मध्ये सगळ्या देशांत चालेल अशा एका मोबाईल पद्धतीचं काम सुरू केलं. तीच पुढची जीएसएम. ओळख यंत्रात न ठेवता सुट्या कार्डात ठेवायची, म्हणजे माणूस कार्ड काढून कुठल्याही फोनमध्ये घालू शकेल, हा त्यातला मोठा निर्णय होता. चिपचं कार्ड तोवर तयारच होतं. जर्मनीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याची कल्पना मांडली गेली होती, रोलाँ मोरेनो या फ्रेंच माणसाने १९७४मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं आणि फ्रान्समधल्या सार्वजनिक फोनांत तशी कार्डं चालत होती. १९९१मध्ये म्युनिकच्या गीसेके अँड डेव्रिएंट या कंपनीने पहिली सिमकार्डं बनवली आणि त्यातली तीनशे फिनलंडच्या राडिओलिन्या कंपनीला विकली. त्याच वर्षी १ जुलैला राडिओलिन्याच्या जाळ्यावरून जीएसएमचा पहिला कॉल झाला.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला. पुढे परवाने सर्कलवार दिले गेले. महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये मुंबई वेगळी ठेवली होती, गोवा मात्र आत होता. इथे सुरुवातीच्या कंपन्या बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. बीपीएलचं इथलं जाळं पुढे हचमार्गे व्होडाफोनकडे गेलं, बिर्लांचं आयडिया झालं आणि २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. पाट्यांचे रंग बदलले, तरी चिपमधल्या अंकांनी जुनी घराणी कितीतरी वर्षं जपली.

सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला सर्कल म्हणजे काय हे रोज कळत होतं. टाकळीजवळ भीमा ओलांडली की विजयपूर जिल्हा, अक्कलकोट तालुक्याला लागून कलबुर्गी. टॉवरच्या लहरींना राज्याची हद्द ठाऊक नसते, कार्डाला मात्र ती ठाऊक असते. आपलं घरचं जाळं कोणतं हे त्याच्या क्रमांकावरून ठरतं आणि ज्यांनी प्रवेश नाकारला अशा जाळ्यांची छोटी यादीही कार्ड जवळ बाळगतं. त्यामुळे शेतात उभ्या माणसाच्या फोनवर पलीकडची रेंज आली की ‘रोमिंग’ उमटायचं आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. दोन सर्कलची दोन कार्डं बाळगणं हा त्यावरचा सोपा उपाय होता. डबल सिमचे हँडसेट आल्यावर कार्डं सारखी काढायची-घालायची दगदगही संपली.

याच काळात बिनसिमचा फोनही आपल्याकडे घरोघरी पोचला. २८ डिसेंबर २००२ रोजी रिलायन्सने सीडीएमए या जीएसएमहून वेगळ्या पद्धतीची सेवा सुरू केली आणि २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला. ज्यांना मोबाईल परवडत नव्हता त्यांच्या हाती तो या योजनेने दिला, हे तिचं श्रेय मोठं आहे. पण त्यातल्या पुष्कळ हँडसेटमध्ये ओळख यंत्रातच भरलेली असे. यंत्र बिघडलं की नंबर अडकला. दुसऱ्या यंत्रात तो घालायला कंपनीच्या दुकानात जावं लागे. जीएसएमवाला मात्र मागचं झाकण उघडून, बॅटरी काढून, कार्ड शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून बोलू शकत होता. बोलण्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच, मोकळीक एकाकडेच.

सिमच्या पिढ्या आपण आकारावरून ओळखतो. पहिलं कार्ड एटीएम कार्डाएवढं, ८५.६ × ५३.९८ मिलिमीटरचं होतं. मग २५ × १५चं आलं; तेच आपण वर्षानुवर्षं ‘सिम’ म्हणून ओळखलं. २०१०च्या सुमारास १५ × १२चं मायक्रो आणि २०१२मध्ये १२.३ × ८.८चं नॅनो आलं. त्या दिवसांत सोलापूरच्या नव्या पेठेतल्या मोबाईलच्या दुकानांत कार्ड कापून द्यायचा कटर असे. कापलेलं कार्ड चाले, कारण कापलं जाई ते निव्वळ प्लास्टिक. सोनेरी पट्ट्यांखालची चिप होती तिथेच राही. नॅनो पहिल्या कार्डापेक्षा चाळीसपटीहून अधिक लहान आहे, पण आकार लहान झाल्याने कार्डाचं काम बदललं नाही.

काम बदललं ते आतमध्ये. प्रत्येक चिपमध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीकडे असते. फोन सुरू झाला की जाळं एक यादृच्छिक आकडा पाठवतं. कार्ड तो आकडा आणि किल्ली यांच्यावर गणित करून उत्तर देतं. कंपनीकडचं उत्तर त्याच्याशी जुळलं की माणूस आपला. किल्ली स्वतः कधीच कार्डाबाहेर येत नाही. अॅनालॉग फोनच्या चोरांवरचा हा इलाज होता.

पहिल्या पिढीच्या कार्डात दोन उणिवा राहिल्या. अनेक कंपन्या वापरत असलेली गणिताची जुनी रीत १९९८मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फोडली. कार्ड हाती आलं तर काही तासांत किल्ली काढून जुळं कार्ड बनवता येतं, हे त्यांनी दाखवलं. दुसरी उणीव अधिक खोल होती. जाळं कार्डाची परीक्षा घेई, पण कार्ड जाळ्याची परीक्षा घेत नसे. कुणी खोटा टॉवर उभा केला तर फोन निमूटपणे त्याला जोडला जाई.

थ्रीजीबरोबर आलेल्या कार्डाने हे बदललं. आता जाळ्यालाही पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा किल्लीशी जुळतो का आणि जुनाच पुन्हा पाठवलेला तर नाही ना, हे कार्ड तपासतं, मगच उत्तर देतं. जुन्या आणि नव्या सिममधला खरा फरक हाच. फोरजीच्या जाळ्याने तर जुन्या पिढीचं कार्ड स्वीकारलंच नाही. त्या वेळी दुकानदार ‘सिम अपग्रेड करा’ म्हणत होते ते याचसाठी. हँडसेट कितीही नवा असला तरी टूजीच्या कार्डावर फोरजी लागत नव्हतं. ऑक्टोबर २०२२मध्ये फाईव्हजी आलं तेव्हा मात्र फोरजीचं कार्ड चालतं असं कंपन्यांनी सांगितलं. फाईव्हजीत आणखी एक सुधारणा आहे : तो पंधरा अंकी क्रमांक हवेतून उघडा न जाता कुलूपबंद करून पाठवण्याची सोय.

दरम्यान या किल्लीवरचा भार वाढला. बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, अनुदानाचा संदेश, सगळं नंबरावर येतं. म्हणून किल्ली फोडण्यापेक्षा खोटी कागदपत्रं दाखवून दुसऱ्याच्या नंबराचं नवं कार्ड काढणं चोरांना सोपं वाटू लागलं. आता कार्ड बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, हा नियम १ जुलै २०२४पासून लागू आहे. आपल्या हातातला एक उपाय तर पहिल्या पिढीपासून कार्डातच आहे : सिमचा पिन. तीनदा चुकला की कार्ड बंद होतं आणि कंपनीने दिलेला आठ अंकी पीयूके मागतं. चोरलेल्या फोनमधलं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवण्याचा मार्ग या एका पिनने अडतो.

आता ई-सिम आलं आहे. भारतात २०१८मध्ये त्याला परवानगी मिळाली. चिप फोनच्या आतच बसवलेली असते आणि किल्लीसकट सगळी ओळख क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुलूपबंद अवस्थेत उतरवली जाते. चोराला कार्ड काढून फेकता येत नाही, एकाच फोनमध्ये कितीतरी ओळखी साठवता येतात, हे त्याचे खरे फायदे आहेत. पण फोन पडून पडदा काळा झाला तर आतली ओळख नखाने काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. कंपनीकडे मागणी करावी लागते, मंजुरीची वाट पाहावी लागते.

विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या सोलापूरच्या घरांत थोरल्याचा जुना फोन धाकट्याकडे येतो आणि बिघडलेला फोन दुरुस्त होईपर्यंत कार्ड शेजारणीच्या फोनमध्ये जातं. सिमकार्डाने या घरांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कुणाला न विचारता फोन बदलण्याची मुभा ही आहे. किल्ली अधिक सुरक्षित होत गेली हे चांगलंच झालं. ती कुठल्या फोनमध्ये राहावी हे ठरवण्याचा हक्क मात्र मालकाकडेच राहायला हवा. ई-सिम एका फोनमधून दुसऱ्यात नेणं मालकाला घरबसल्या, पैसे न देता, पूर्वीच्या कार्डाइतक्याच सहजपणे जमलं पाहिजे. ही अट नियमांत लिहून घेण्याची वेळ आत्ताच आहे, कारण कार्डाची खाच नसलेले फोन बाजारात येऊ लागले आहेत.