नाताळ आणि मालकाची वही

सणावर उधळू नका, असा उपदेश गरिबाला सारेच करतात. सणाचे कर्ज कोणाच्या वहीत चढते, हे मात्र विचारले जात नाही. अमेरिकेतील काळ्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गुलामगिरीत नाताळ ते नववर्ष बहुधा सुट्टी असे आणि तीत मालकच गुलामांना दारूस उत्तेजन देत. बंडाची वाफ जिरवण्याची ही युक्ती होती, हे फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात उघड केले.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन बहुतांशी जुन्या मालकांकडेच राहिली. बटाईने कापूस पिकवणारे कुटुंब वर्षभर उधारीवर पीठमीठ नेई. हिशेब नाताळाच्या सुमारास होई. वही मालकाची, आकडेही त्याचेच. पुष्कळांच्या पदरी बाकीच पडे. सणासाठी आणखी उचल घेणे म्हणजे पुढचे वर्षही त्याच मळ्याला बांधून घेणे होते.

सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. तेव्हा जेम्स बाल्डविनप्रभृतींनी नाताळची खरेदीच न करण्याचे आवाहन केले. येथे साधेपणा हा नाइलाज राहिला नाही. तो नकार झाला.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केली. त्याच वर्षी निघालेल्या सत्यशोधक समाजाने भटाविना, थोड्या खर्चात लग्ने लावली. दोन्हीकडचा धडा एकच: ऋण न काढता केलेला सण हा काटकसरीचा नव्हे, स्वाभिमानाचा प्रश्न आहे.