टेलिफोनची बॅटरी कोणाच्या घरी?

परभणीच्या मोंढ्यातील एखाद्या अडत दुकानात गेल्यास टेबलावरचा टेलिफोन आपल्याला पूर्वीसारखाच दिसतो. तोच रिसीव्हर, तीच बटणे आणि परभणीचा तोच 02452 हा संकेतांक. पण त्यामागची तार निरखून पाहा. जेथे इंटरनेटवरची सेवा घेतली आहे, तेथे तांब्याच्या जोडतारेऐवजी बहुधा काचतंतू आलेला असतो. तो एका लहान पेटीत शिरतो आणि त्या पेटीचा प्लग विजेच्या सॉकेटमध्ये असतो. वीज गेली की टेलिफोन मुका होतो. जुना साधा टेलिफोन मात्र अंधारातही वाजत असे. हे असे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

बेलला टेलिफोनचे पेटंट 1876 साली मिळाले आणि 28 जानेवारी 1882 रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. त्या काळच्या यंत्राला एक दांडा असे. तो फिरवला की लहान जनित्रातून वीज निर्माण होई आणि केंद्रातील ऑपरेटरला सूचना मिळे. बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्याच पेटीतील कोरड्या घटांतून येई. म्हणजे बॅटरी ग्राहकाच्या घरी होती. लहान गावांत असे टेलिफोन पुष्कळ वर्षे टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बॅटरी केंद्रात नेण्यात आली. रिसीव्हर उचलताच केंद्रातील सुमारे 48 व्होल्टच्या बॅटरीतून जोडतारेत प्रवाह वाहू लागे. केंद्राजवळ बॅटऱ्यांची रांग असे आणि जोडीला जनित्र. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात तासन्‌तास वीज नसे, तरीही तांब्याच्या तारेवरचा साधा टेलिफोन चालत असे, तो यामुळेच. विजेची काळजी ग्राहकाच्या वतीने केंद्र वाहत होते.

या व्यवस्थेची किंमतही होती. बोलणाऱ्या दोघांसाठी एक संपूर्ण मार्ग राखून ठेवावा लागे. मोंढ्यातून मुंबईचा कापसाचा भाव विचारायचा, तर ट्रंक कॉल ‘बुक’ करून वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते आणि घाई जितकी मोठी तितका दर अधिक. 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी सुरू झाली, तेव्हा मधल्या ऑपरेटरची गरज संपली. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलनाविना चालणारे 128 जोडण्यांचे ग्रामीण केंद्र बनवले. ते 1986 साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसवले गेले. तरीही मार्ग राखून ठेवण्याची पद्धत तशीच राहिली. दोघे गप्प बसले, तरी मार्ग अडलेलाच!

वेगळा विचार 1960 च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी मांडला. संदेशाची लहान पुडकी करावीत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि मार्ग सर्वांनी वाटून घ्यावा. आवाजाचेही तसे करता येते. तो सेकंदाला 8,000 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप 8 बिटांत लिहितात. 20 मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पुडके धरले, तर त्यात 160 बाइट येतात आणि सेकंदाला अशी 50 पुडकी निघतात. 1974 साली आर्पानेटवर असे बोलणे करून पाहिले गेले. भारतात इंटरनेट टेलिफोनला 1 एप्रिल 2002 पासून मर्यादित परवानगी मिळाली आणि 2018 नंतर ती पुष्कळ सैल झाली.

कार्यालयाला याचा फायदा उघड आहे. परभणीचे दुकान आणि जिंतूरचे जिनिंग यांना एकाच यंत्रणेतील दोन अंतर्गत क्रमांक देता येतात. ईपीएबीएक्सच्या पेटीचे काम संगणकावरचा एक प्रोग्राम करतो. परंतु पुडकी 150 मिलिसेकंदांहून अधिक उशिरा पोहोचू लागली, तर बोलणे अडखळते. शिवाय वीज सांभाळण्याची जबाबदारी आता दुकानदारावर आली. दांड्याच्या टेलिफोनच्या काळी घरात असलेली बॅटरी केंद्रात गेली होती, ती शंभर वर्षांनी पुन्हा घरी परतली आहे.

ही बॅटरी केवढी हवी, हा वर्गात सोडवण्याजोगा प्रश्न आहे. पेटी व टेलिफोन मिळून 12 वॅट घेतात असे धरू. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 84 वॅट-तास ऊर्जा असते. हिशेबाने सात तास मिळतात. पण बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते, म्हणून निम्मेच, साडेतीन तास धरावेत. अपघात किंवा आग अशा वेळी 112 फिरवायला हे तास पुरतील काय? तुमच्या शाळेच्या कार्यालयातील टेलिफोनची तार कोठे जाते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. नवे यंत्र घेताना त्याने काय दिले, याबरोबरच त्याने कोणते काम आपल्यावर सोपवले, हेही विचारण्याची सवय त्यांना लागली, तर आम्हांला ती मोलाची वाटेल.